सांगलीत संगीत थांबलं तेव्हा

सांगलीच्या त्या कार्यक्रमात संगीत मध्येच बंद पडलं, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरात एकमत आहे. पुढचं प्रत्येकाला वेगळं आठवतं.

मी सांगलीत एका कॉलेजात संगणक शिकवते. गेली काही वर्षं मला लाइव्ह कोडिंगचा नाद लागला आहे. म्हणजे लॅपटॉप घेऊन रंगमंचावर बसायचं, लोकांसमोर कोड लिहायचा, आणि लिहीत जाऊ तसं संगीत वाजत जातं. आकडा बदलला की ठेका बदलतो, ओळ खोडली की एक वाद्य गप्प होतं. लिहिलेलं सगळं मागच्या पडद्यावर दिसत असतं, चुकासुद्धा. गणित शिकवणारी माझी एक मैत्रीण सोबत पेटी वाजवते.

आमचा पहिला मोठा कार्यक्रम कॉलेजच्या सभागृहात ठरला, तेव्हा रहिमतपूरहून आईवडील आले. वडील फौजेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे, आता ऊस बघतात. आई गावच्या भजनी मंडळात टाळ धरते. सकाळी चहा घेताना वडिलांनी विचारलं, "टायपिंग बघायला माणसं येत्यात व्हय?"

माणसं आली होती. सभागृह भरलेलं होतं. सुरुवातही छान झाली. खाली संथ ठोका, त्यावर घुंगरांसारखा बारीक आवाज, मग पेटी. मागे बसलेली मुलं पडद्यावरचा कोड मोठ्यानं वाचत होती. मी रंगात आले, आणि एक वाद्य थांबवायच्या नादात सगळंच बंद करणारी कळ दाबली.

मला आठवतं ते असं: सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. कुठला भाग आधी सुरू करायचा तेच सुचेना. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. हे खूप वेळ चाललं. मग उजवीकडून टाळ्या ऐकू आल्या, ठेक्यात, एकसारख्या. मी तो वेग पकडला, टाइप केला, आणि ढोल घातला. ढोल असा आला की पहिल्या रांगेतले लोक खूश होऊन हसायलाच लागले. त्यानंतर आम्ही जे वाजवलं तसं सरावातही कधी वाजलं नव्हतं. शेवटी लोक उभे राहिले.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "मी टाळी धरली म्हणून सावरलं. आमच्या बँडात असंच करायचे. चाल मोडली की एकानं ठोका द्यायचा."

आईनं पोळी लाटता लाटता मान वळवली. "आवं, तुमी कुठली टाळी धरली? तुमी तर उठून लायटीवाल्याला हाका मारत हुता. टाळी मी धरली. भजनात धरतो तशी."

"मी हाका मारल्या त्या नंतर."

"नंतर कशाला माराल? नंतर तर वाजत हुतं."

मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "कसली शांतता? मी सूर सोडलाच नव्हता. तू पुन्हा सुरू करेपर्यंत धरून होते. आणि टाळ्या मागच्या पोरांनी सुरू केल्या."

मला पटेना. ती शांतता मी स्वतः अनुभवली होती. पण कॉलेजनं ध्वनिमुद्रण केलं होतं, ते मागवून घेतलं. आईवडील आणि मी माझ्या लॅपटॉपभोवती बसलो. संगीत तुटलं, आणि त्या रिकाम्या जागेत पेटीचा एक सूर उभा होता, बारीक पण स्थिर. मला युगासारखा वाटलेला तो वेळ चार-पाच श्वासांचा निघाला. मैत्रीण माझ्यापासून हातभर अंतरावर बसून मला सावरत होती आणि मला ते ऐकूच आलं नव्हतं. मी तिला लगेच पुन्हा फोन लावला. "आता ऐकलंस ना," एवढंच ती म्हणाली.

टाळ्यांचं मात्र कोडं सुटलं नाही. माइक फक्त पेटीपाशी होता. त्यात लांबून ठक ठक असं काहीतरी येतं, पण ते कुणाच्या हातचं हे कळत नाही. वडील म्हणाले, "ही माझी." आई म्हणाली, "ऐका की नीट, ही बाईमाणसाची टाळी हाय."

काही महिन्यांनी साताऱ्याहून बोलावणं आलं. या वेळी रहिमतपूरची अर्धी गल्ली आली. वडिलांचे फौजेतले मित्र डावीकडे बसले, आईचं भजनी मंडळ उजवीकडे. कार्यक्रम रंगात आल्यावर मी ठरवून ढोल काढून घेतला आणि पडद्यावर कोडाच्या खाली लिहिलं: आता तुम्ही.

डावीकडून कवायतीचा ठोका आला, ठाम, सरळ. उजवीकडून भजनाची दुडकी चाल. दोन्ही एकमेकांत बसेनात. मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचा सूर या वेळी मला स्वच्छ ऐकू येत होता. मी दोन ओळी लिहिल्या, एक डावीकडच्यांची, एक उजवीकडच्यांची, आणि दोन्हींची सम एकाच जागी आणून ठेवली. ती सम आली तेव्हा अख्ख्या सभागृहानं एकदम टाळी दिली. मग पुन्हा आली, पुन्हा दिली. म्हाताऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या, फौजी माना हलवायला लागले. मी फक्त आवाज वाढवत नेला.

संपल्यावर मी रंगमंचावरून खाली उतरले. वडिलांच्या एका मित्रानं त्यांना विचारलं, "पोरगी वाजवती तरी काय रं?"

"लिव्हती," वडील म्हणाले. "लिव्हलं की वाजतं. लय अवघड काम हाय ते."

मग ते मैत्रिणीपाशी गेले आणि तिची पेटी स्वतः उचलून गाडीत नेऊन ठेवली. आम्ही सगळे भुकेनं कासावीस झालो होतो. स्टँडजवळ मिसळ खाल्ली, आणि मी दुसरी प्लेट मागवली.