वर चाललेल्या फुग्यातला दगड

दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण मराठीत झालं. अकरावीला लोहाऱ्यात सायन्स घेतलं आणि पहिल्याच चाचणीत फिजिक्सला पंचवीसपैकी चार मार्क पडले. गणित मला येत होतं. पण गणित कशाचं करायचं, तेच कळत नव्हतं, कारण प्रश्न इंग्रजीत. ‘बॉडी’ वाचलं की मला माणसाचं शरीर दिसायचं, ‘युनिफॉर्म स्पीड’ वाचलं की शाळेचा गणवेश. एका उदाहरणातली ‘लाइट’ दोरी म्हणजे हलकी नव्हे, उजेड देणारी दोरी, असं मी धरून चालले होते. सर चांगले होते, विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण भरल्या वर्गात उभं राहून ‘युनिफॉर्म म्हणजे काय’ विचारण्यापेक्षा मला चार मार्क परवडले.

कॉलेज दुपारी सुटायचं. गावाकडची जीप भरेपर्यंत मी स्टँडजवळच्या एका शिवणकामाच्या दुकानात बसायचे. दुकान चालवणाऱ्या मावशी माझ्या आईच्या ओळखीच्या. एके दिवशी मी पुस्तक उघडून नुसतीच बसलेली बघून त्यांनी मशीन थांबवलं.

“काय अडलं गं?”

“प्रश्नच कळंना, मावशी.”

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला आणि घडाघडा वाचून अर्थ सांगितला. मी बघतच राहिले. मावशी इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्यात, हे मला ठाऊकच नव्हतं.

“बी.ए. झाले आन् लगीन झालं,” त्या म्हणाल्या. “तवापासून मापाच्या वहीशिवाय कशात काय लिहिलं न्हाय.”

त्यानंतर रोज दुपारी आमचं बसणं सुरू झालं. मावशींना फिजिक्स येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं. त्या वाक्य फोडून सांगायच्या, मी आकडे मांडायचे. कधी अर्थ चुकायचा, कधी माझं सूत्र. तिसऱ्या आठवड्यात मावशींनी पेटीतली जुनी डिक्शनरी आणून कापडांच्या फळीवर ठेवली.

मग ते फुग्याचं उदाहरण आलं. एक मोठा फुगा सेकंदाला दहा मीटर वेगानं वर चाललाय. त्यातून दगड सुटला आणि सहा सेकंदांनी जमिनीवर पडला. दगड सुटला तेव्हा फुगा किती उंच होता? माझं उत्तर एकशे ऐंशी मीटर. पुस्तकात एकशे वीस. दोन दिवस आम्ही तिथंच अडकलो.

“पुस्तकातच चुकलं असंल,” मी म्हणाले.

“थांब, परत वाचू.” मावशी एकेका शब्दावर बोट ठेवत गेल्या. “‘रायझिंग.’ वर चाललेला. हे तू धरलंस का?”

“त्यानं काय फरक पडतो? दगड सुटला की खालीच येणार.”

मावशींनी चष्मा काढून मशीनवर ठेवला. मग म्हणाल्या, “मागं चालत्या जीपमधनं माझी पिशवी निसटली. निसटली तिथंच न्हाय थांबली. जीपसंगं पुढं घसरत गेली लई लांब.”

“मग हा दगड...” मी पेन उचललं. “आधी फुग्यासंगं वर जाणार!”

एक सेकंद वर, पाच मीटर. मग पाच सेकंद खाली, एकशे पंचवीस मीटर. वजा केले आणि उत्तर एकशे वीस. मावशींनी टाळी वाजवली. बाहेर माझी जीप निघून गेली, ती आम्हाला दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तेच उदाहरण फळ्यावर घातलं. कुणाला येईना. मी उठून सोडवलं. सरांनी विचारलं, “कुणी शिकवलं?”

“कुणी नाही सर. माझं मीच केलं.”

का तसं बोलले? शिलाई करणाऱ्या बाईकडून फिजिक्स शिकले म्हटलं तर पोरं हसतील, एवढंच तेव्हा मनात आलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी दुकानात गेले तर मावशी वाटच बघत होत्या. “सांगितलंस का सरांना पिशवीचं?”

खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगून टाकलं. मावशींनी मान खाली घातली, मशीन चालू केलं. एक अख्खी बाही शिवून झाल्यावर म्हणाल्या, “बरं. पुढचं काढ.” त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टाफरूमच्या दारात जाऊन सरांना खरं काय ते सांगितलं. मावशींचं, त्यांच्या पिशवीचं, ‘युनिफॉर्म’चं आणि ‘लाइट’चंसुद्धा. सर हसले नाहीत. म्हणाले, “मीही मराठीतूनच शिकलो. अकरावीत माझे असेच हाल झाले होते. विसरलोच मी.” त्या दिवसापासून ते प्रत्येक उदाहरण आधी मराठीत सांगायचे, मग सोडवायला लावायचे.

आठवड्यानं ते पँटची शिलाई उसवली म्हणून दुकानात आले. मी आत बसलेलीच होते.

“पिशवीचं उदाहरण मी आता दुसऱ्या तुकडीलाही सांगतो,” ते मावशींना म्हणाले. “तुमचंच आहे म्हणून सांगतो.”

मावशी पँट उलटी करून शिलाई बघत राहिल्या, पण कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

बारावीला मला फिजिक्समध्ये शंभरपैकी एकसष्ट पडले. इंजिनिअर वगैरे झाले नाही, बी.एस्सी. करून आज एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन गेले तेव्हा मावशींनी आधी मार्कशीट मागितली, इंग्रजीतली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली, आणि मगच पेढा तोंडात टाकला.