मातीची सुट्टी

आमच्या अकोल्याच्या कापसाच्या जिनात माणसं सांभाळण्याचं शास्त्र पुण्याहून आलं. तोवर ती कशी सांभाळली जात होती, हे मला विचारू नका. मुकादम ओरडायचा, माणसं त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची, आणि रुईच्या गठाणी वेळेवर बांधून स्टेशनावर जायच्या. शेठजी अमरावतीला राहायचे. अधूनमधून येऊन सगळ्यांवर एकदम रागवायचे आणि जाताना जिलबी वाटायला सांगायचे. मग नवं राज्य झालं. आपला जिनही नवा झाला पाहिजे असं शेठजींच्या मनानं घेतलं आणि त्यांनी एक शिकलेला मॅनेजर आणला.

मी त्या हापिसात टाइपिस्ट होते. टायपिंग शिकले अमरावतीला आणि नोकरीसाठी मामाकडे अकोल्याला येऊन राहिले. हापिसात बाई अशी मी एकटीच, म्हणून माझ्या वडिलांच्या वयाचे मुकादमसुद्धा मला 'बाई'च म्हणायचे. तोंड माझं पहिल्यापासून फटकळ. मामी म्हणायची, हिला कोण करून घेणार? पण टायपिंगमध्ये चुका नसायच्या, त्यामुळे नोकरी टिकून होती.

साहेब माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगते. वाईट असते तर सगळं सोपं झालं असतं. ते सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सरकीचं पोतं वाहणाऱ्याला "आपण जरा इकडे येता का?" असं विचारलं, तर तो आपल्या मागे कोण उभं आहे ते पाहायला लागला. कामगार म्हणजे यंत्र नव्हे, त्याला मन असतं, त्याच्याशी बोललं पाहिजे, असं ते रोज मलाही समजावून सांगायचे. आता ज्याला एचआर म्हणतात, ते हेच असावं. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. आमच्या जिनात लोक बोलत नाहीत ही अडचण कधीच नव्हती, ते गप्प बसत नाहीत ही होती.

साहेबांनी दिवाळीपासून सगळं पाहिलं आणि एक दिवस त्यांना रोगाचं मूळ सापडलं. रोग म्हणजे गैरहजेरी, आणि मूळ म्हणजे माती.

आमच्याकडे कुणी वारलं की मातीला जातात. त्याला बोलावणं लागत नाही, नातंही लागत नाही. कानावर आलं की हातातलं काम ठेवायचं, थोडं का होईना त्या माणसामागून चालायचं, आंघोळ करायची आणि परत कामाला लागायचं. आपल्या घरची वेळ येईल तेव्हा लोक यावेत हा व्यवहार त्यात आहेच, पण माया असते म्हणूनही जातात. साहेबांना यातलं काहीच पटेना. "ज्याला आपण ओळखतही नाही, त्याच्या अंत्ययात्रेला?" ते मला म्हणाले.

"जातो ना साहेब. त्यानिमित्तानं ओळख होते," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. त्यांनी नियम केला. यापुढे मातीची सुट्टी फक्त रक्ताच्या नात्यासाठी. आईबाप, मुलंबाळं, सख्खे भाऊबहीण आणि, रक्ताचं नसलं तरी, नवराबायको. सुट्टी स्वतः साहेबांसमोर उभं राहून मागायची. न विचारता गेला त्याची नोकरी गेली. वजनाच्या मोठ्या काट्यापाशी सगळ्यांना जमवून त्यांनी हे शुद्ध पुणेरी मराठीत वाचून दाखवलं.

रुई निवडणारी एक बाई पुढं आली. "सासूचं काय जी?"

"सासू रक्ताची नसते," साहेब म्हणाले.

"ते मले ठाऊक हाय. पन सासूच्या मातीले नाई गेलो तं नवरा घरात घेईन काय मले? मंग तुमी ठेवसान काय तुमच्या घरी?"

बाप्पा! जो हशा पिकला! साहेब कानापर्यंत लाल झाले, पण नियमातून हलले नाहीत.

नियमाचा पहिला परिणाम असा झाला, की जिनातल्या माणसांना भराभर सख्खे भाऊ फुटायला लागले. कुणाचा भाऊ बाळापूरला मरायचा, कुणाची बहीण मूर्तिजापूरला. साहेब प्रत्येकाला समोर बसवून दोन शब्द सांत्वनाचे बोलायचे आणि सुट्टी द्यायचे. समोरचा माणूस खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच यायचं नाही. कुणाच्या दुःखावर शंका घ्यायची नाही, असं त्यांना शिकवलेलं होतं.

इंजिनखोलीत एक जवान माणूस कामाला होता. इंजिन पुसायचा, तेल द्यायचा, बिघडलं तर मिस्त्रीच्या आधी खाली शिरायचा. बोलणं कमी. कितीतरी हंगाम त्यानं कच्चा कामगार म्हणून काढले होते. कच्च्याचं असं, की कापूस संपला की काम संपलं. उन्हाळा-पावसाळ्यात तो बायकोला आणि पोरींना घेऊन सडकेची खडी फोडायला जायचा. एका पावसाळ्यात तिकडेच झोपडीत त्याची धाकटी पोरगी तापानं गेली. तेव्हापासून त्याला एकच ध्यास होता, पक्कं व्हायचं. पक्का झाला की पावसाळ्यातही मशिनींच्या देखभालीवर राहणार, पगार सुरू राहणार, बिऱ्हाड कुठं हलवायला नको. त्या वर्षी शेठजींनी शब्द दिला होता, गुढीपाडव्याला तुला पक्का करतो, फक्त हंगामात एकही विनापरवानगी खाडा नको. पाडवा तोंडावर आला होता, आणि त्याचा एकही खाडा नव्हता.

आणि नेमकी तेव्हाच त्याच्या वस्तीशेजारची पिंजाऱ्याची बुढी वारली.

पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणारे मुसलमान. जिनाच्या मागच्या अंगाला त्यांची घरं होती, आणि आमच्या अर्ध्या कामगारांच्या गाद्या त्या बुढीनंच भरलेल्या. या माणसाची आई तो अंगावर पीत होता तेव्हाच गेली. बाप दिवसभर मजुरीला. त्याच्या लोकांनी बुद्धाची दीक्षा घेतली ती फार पुढं. त्या काळात गावात कुठलं दार त्याच्यासाठी उघडणार होतं? बुढीचं उघडं होतं. तिनं स्वतःच्या पोरांच्या पंगतीत त्याला वाढवलं. हे सगळ्या जिनाला माहीत होतं, साहेब सोडून.

सकाळी तो हापिसात आला. डोळे लाल झालेले होते.

"सुट्टी पायजे जी. आमच्या वस्तीजवळची बुढी मेली. दुपारच्या नमाजानंतर नेतीन."

"आपली कोण?" साहेबांनी विचारलं.

 मी टायपिंग थांबवून त्याच्याकडे पाहिलं. म्हण ना रे बाबा, काहीही म्हण, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"नातं नाई जी," तो म्हणाला. "तिनं वाढवलं मले."

"रक्ताचं नातं?"

"नाई."

साहेब खुर्चीतून उठले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या कारखान्यात निदान एक माणूस खरं बोलतो, याचा मला फार आनंद वाटला. सुट्टी मात्र मिळणार नाही. आपल्यासारख्यासाठी नियम मोडला, तर आपल्याच खरेपणाचा अपमान होईल."

इतकं गोड बोलून इतका मोठा धोंडा घालणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "साहेब, द्या ना त्याला, पाडव्याला पक्का व्हायचाय तो, जन्माचा प्रश्न आहे त्याचा." ते म्हणाले, "म्हणूनच बाई, तो आज जाणार नाही."

तो बाहेर गेला आणि अंगणातल्या लोकांना काय झालं ते कळलं. त्याची फजिती पाहून बाकीचे शहाणे झाले. त्यानंतर एकेक जण आत यायला लागला. पहिल्याची आई गेली होती. दुसऱ्याचीही आईच. तिसरा जरा विचार करून आला होता, त्यानं बाप मारला. एकाची आई मागच्याच हंगामात गेल्याचं मला आठवत होतं. मी डोळे वटारले तशी त्यानं बहीण सांगितली. साहेब प्रत्येकापाशी हळहळले. शेवटी रुमालानं घाम पुसत मला म्हणाले, "बाई, गावात कसली साथ आहे का? नगरपालिकेला कळवावं म्हणतो."

"साथच आहे साहेब," मी म्हणाले.

दुपारी फाटकाशी एक म्हातारी भाकर घेऊन आली आणि लेकाला बोलवा म्हणाली. पहारेकऱ्यानं सांगितलं, "तो तुमच्या मातीले गेला, माय."

"कोनाच्या?"

"तुमच्या. तुमी मेल्या सकाळी."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अन् खरं कोन मेलं?"

"पिंजाऱ्याची बुढी."

"व माय! मंग सांगतं काहून नाई लवकर? मी बी जातो तिच्या घरी." भाकर पहारेकऱ्याच्या हातात देऊन ती लगबगीनं निघाली. हे सगळं साहेब खिडकीतून ऐकत होते.

जिनासमोरच्याच रस्त्यानं जनाजा आला. साहेब खिडकीशी, मी त्यांच्या मागे. सकाळपासून ज्यांच्या आया आणि बहिणी गेल्या होत्या, ते सगळे टोप्या काढून, कुणी डोक्यावर रुमाल बांधून मागून चालत होते. आणि पुढं खांदा दिला होता इंजिनखोलीतल्या माणसानं. बुढीच्या मोठ्या लेकानं आपल्या जागी त्याला उभं केलं होतं. अख्ख्या गर्दीत बिनसुट्टीचा तो एकटाच होता.

साहेबांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला बोलावून म्हणाले, "या सगळ्यांनी मला फसवलं."

"फसोलं नाई जी. नियम पाळला तुमचा," मुकादम म्हणाला.

मोठा पेच पडला. सगळ्यांना काढावं तर ऐन हंगामात जिन बंद, शेठजी अमरावतीहून काठी घेऊन येतील. कुणालाच काढू नये तर नियमाला कोण विचारणार? साहेबांनी दिवसभर विचार केला. बाकीच्यांना रीतसर सुट्टी मिळाली होती, खोटी कारणं सांगून का होईना. विनापरवानगी गेलेला एकच होता. साहेबांनी मला हुकूम टाइप करायला सांगितला. नोकरी संपली, दिवाळीला नवा माणूस म्हणून परत यायला हरकत नाही.

"साहेब, खोटं बोलले ते राहिले, आणि खरं बोलला तो गेला?" माझा आवाज चढला. "ही कसली शिस्त? याला आमच्याकडे अन्याय म्हणतात."

"मला तरी कुठं बरं वाटतं आहे, बाई?" ते म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरले होते. पण हात हुकुमाकडेच होता. सही झाली.

संध्याकाळी तो हुकूम घ्यायला माझ्या टेबलाशी आला. कागद घडी करून खिशात ठेवला, पुन्हा खडी फोडायला जावं लागेल म्हणाला, जसं काही बाजाराला जातोय. माझा संतापच अनावर झाला.

"भैताडा," मी म्हणाले, "साऱ्यांनी माय मारली. ज्याची मेली नाही त्यानंही मारली. तुझी तर खरंच मेली होती. तुले एक शब्द तोंडातून काढता नाई आला?"



"तोंडावर आला होता, बाई," तो म्हणाला. "पन मी तिले जिती असताना कधी माय म्हटलं नाई. साऱ्या वस्तीसारखं बुढीच म्हटलं. पोट्टे हासतीन म्हणून लाज वाटे मले. तिले आयकाचं होतं, ठाऊक होतं मले. आता ती आयकाले नाई, तं पयल्या बार साहेबापुढं सुट्टीसाठी म्हणू काय?"