उमरीच्या वाट्याला आलेले आठ पत्ते

“सर, सकाळपासून पोरी बसून राहिल्या. साइट म्हणते, तुम्ही रोबो आहात!”

फोन उमरीच्या सुनंदाताईंचा होता. त्या ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवतात. नर्सिंग प्रवेशाची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. तीन वाजले होते आणि अकरा मुली खोळंबल्या होत्या.

मी नांदेडच्या एका लहान इंटरनेट कंपनीत नेटवर्क इंजिनिअर आहे. घरातला पहिला पदवीधर. माझा कॉलेजचा फॉर्म अशाच केंद्रातल्या एका ताईंनी भरला होता. नसता भरला तर मी आज इथे नसतो.

दोष लगेच सापडला. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता लागतो, त्याला आयपी म्हणतात. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात संपल्यात जमा आहेत. म्हणून आम्ही एका पत्त्यामागे शेकडो घरं बसवतो. उमरी आणि शेजारचं मुदखेड ही दोन्ही गावं एकाच पत्त्यामागे होती. सगळ्यांनी एकदम फॉर्म उघडले. साइटला वाटलं, एकच मशीन हल्ला करतंय. तिनं तो पत्ताच ब्लॉक केला.

उमरीला आठ नवे पत्ते दिले की काम झालं. आमच्याकडे साठ रिकामे होते. पण ते साहेबांच्या राखीव यादीत.

आमचे साहेब, म्हणजे मालक, आयपी शाल-श्रीफळासारखा देतात. लातूर शाखेच्या उद्घाटनाला व्यासपीठावरच्या प्रत्येक पाहुण्याला नारळासोबत एकेक पत्ता मिळाला. फ्रेम करून. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी आमची वायरही पोचलेली नाही. ती यादी मीच टाइप केली होती.

“साहेब, आठ पत्ते उमरीला देतो. रिकामेच आहेत.”

“रिकामे न्हाईत, मानाचे हायत.”

“अकरा पोरींचे फॉर्म अडलेत.”

“उमरीत लोक रीलच बघून राहिले ना? तू लई शिकलास बाबा. बस जरा, लातूरच्या पाहुण्यांना विचारतो.”

त्यांनी खरंच फोन लावला. आधी तब्येतीची चौकशी, मग लग्नाच्या तारखा. मी समोर बसून घड्याळ बघत होतो. जगाच्या साठ्यात या जुन्या पत्त्यांचे शेवटचे पाच गठ्ठे उरले, तेव्हा जगभर पत्ते वाटणाऱ्या पाच विभागीय नोंदणी संस्थांना एकेक दिला गेला. नियम आधीच ठरला होता. कुणाच्या मोठेपणाकडे पाहिलं नाही. अख्ख्या जगाला जे जमलं, ते आम्हाला नांदेड, लातूर आणि उमरीत जमत नव्हतं.

चार वाजता मी उठलो आणि न विचारता आठ पत्ते उमरीकडे वळवले.

पाचनंतर ताईंचा फोन आला. “दहा फॉर्म गेले, सर.”

“अकरावा?”

“पूजा मघाशीच गाडीनं मुदखेडला गेली. मावशीकडं नेट हाय म्हणाली.”

मावशीकडे आमचंच नेट. त्याच ब्लॉक झालेल्या पत्त्यामागे. मुदखेड माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पूजाचं वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. पाहुण्यांपैकी एकाचीही तक्रार नव्हती, तरी मिळाला. प्रश्न एकच होता: परवानगी का घेतली नाही?

मी खाली लिहिलं: “परवानगी मागण्यात एक तास घालवला, ही चूक मान्य आहे. पुन्हा होणार नाही.”