उदगीरचं तांब्याभर पाणी

काकांचा दम गेला नव्हता. हे मला फार आधीपासून ठाऊक होतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडलेला. नायगावच्या आमच्या बँडला लातूरच्या जयंतीच्या मिरवणुकीची सुपारी मिळाली, पण आमचा मोठा बाजा, म्हणजे ट्युबा, पार फुटला होता. मोठा बाजा काकाच वाजवायचे. उदगीरला एक म्हातारे बँडमास्तर जुना ट्युबा विकतायत असं कळलं. काका मला घेऊन निघाले. मी एकोणीस वर्षांचा, बँडात क्लॅरिनेटवर. दोन एस्ट्या बदलून, घशात धूळ घेऊन पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

काकांनी तिन्ही बटणं दाबून पाहिली, पोचे चाचपले, एक लांब सूर काढला. आवाज बरा होता. पण खालच्या वाकाला कापडाची पट्टी घट्ट गुंडाळलेली.

"हे कशाला?"

"उन्हात पितळ तापतंय ना, काकासाब. हात भाजतो."

"पाणी घालून बघू."

मास्तर उडालेच. "या अल्ला! इथं आदमीला प्यायला न्हाई, अन तुम्ही बाजाला पाजून राहिले?"

"गळका बाजा गळ्यात घालून मी काय करू?"

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी घरातून एक तांब्या आला. वर मास्तरांनी बजावलं, "बघून झालं की निंबाच्या आळ्यात ओता. सांडू नका."

काका मला म्हणाले, "पट्टीवर हात ठेव. ओल लागली तर नको म्हणायचं." आणि ते मास्तरांसोबत कोपऱ्यावर चहाला गेले.

मी तांब्या उचलला. पाणी गार होतं. एक घोट घ्यावा म्हटलं. तांब्या खाली ठेवला तेव्हा त्यात थेंब नव्हता. दुसरं पाणी कुठल्या तोंडानं मागणार? स्वतःचाच संताप आला. तो अजून गेलेला नाही.

काका आले. "गळतंय का?"

"न्हाई."

"नीट बघितलास?"

"हाव."

मास्तरांनी निंबाच्या कोरड्या आळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि काकांकडून पैसे मोजून घेतले. त्यांना बाजा विकायचा होता.

जयंतीच्या दिवशी मिरवणूक अर्ध्यावर आली आणि बाजाचे खालचे सूर बसले. काका फुंकत होते, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, आणि बाजातून नुसता फुसफुसाट. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, भाकर खाऊन नाय आले का?" लोक हसले. काकांनी बाजा उतरवला आणि उरलेली वाट रिकाम्या हातांनी चालले.

"माझाच दम सरला," ते घरी म्हणाले. "बाजा तर तपासून आणलाय." डॉक्टरनं छाती साफ आहे सांगितलं, तर म्हणे, "डॉक्टरला बाजातलं काय कळतंय?"

पुढच्या पावसाळ्यात घरी कोणी नसताना मी बाजात पाणी घातलं. पट्टीतून धार लागली, माझ्या पायावर. तरी गप्प बसलो. काका तोवर झांजा वाजवू लागले होते. पुढं पितळ म्हणून बाजा मोडीत गेला, तोही मीच उचलून दिला.

आता मी पंचेचाळिशी ओलांडली आहे. नोकरीनिमित्त बाहेर असतो. नायगावला गेलो की काका आधी तांब्या पुढं करतात, "पाणी पी, मग बोल." दर वेळी ते पाणी प्यायलो आणि दुसरंच काहीतरी बोललो. गेल्या महिन्यात मात्र तांब्या तसाच ठेवला आणि सगळं सांगितलं.



"म्हंजे माझा दम होता?"

"होता, काका."

"मंग इतकी वर्षं मी झांजा कशापायी वाजवून राहिलो रे?"

त्यांनी तांब्या माझ्यापुढून उचलला आणि आत नेऊन ठेवला.