बी पेशंट

त्या वर्षी आक्का पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. दाजी हैदराबादला सरकारी कचेरीत कारकून होते. दिवाळीनंतरच्या पंचमीला ते तिला जालन्याच्या स्टेशनावर उतरवतील आणि अण्णा बैलगाडीनं राजूरजवळच्या आमच्या खेड्यात घेऊन येतील, असं ठरलं होतं. पंचमीला अण्णा दिवसभर स्टेशनावर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. आक्का आली नाही. शेवटी तिथूनच त्यांनी दाजींना तार केली आणि रिकामी गाडी घेऊन घरी आले.

चौथ्या दिवशी दुपारी भोकरदनहून डाकवाला सायकलवर आला. आमच्याकडं तार म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. लाल सायकल दाराशी थांबलेली पाहताच मायनं हातातलं सूप खाली टाकलं. ज्वारी अंगणभर सांडली. ती कुणी उचलली नाही.

"काय लिवलंय?" अण्णांनी डाकवाल्याला विचारलं.

"इंग्रजी हाय, पाटील. मला कुठं येतंय?"

हैदराबादचं संस्थान जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. अण्णांचं शिक्षण उर्दूतलं. शाळेचे मास्तर सुट्टीत गावी गेले होते. मी तेरा वर्षांची, आणि त्याच वर्षी आमचं इंग्रजी सुरू झालं होतं. तार माझ्या हातात आली.

तारेत चारच शब्द होते. बी पेशंट लेटर फॉलोज. 'बी' म्हणजे असणे. 'लेटर' म्हणजे अक्षर. कॅपिटल लेटर, स्मॉल लेटर मास्तरांनी घोकून घेतलं होतं. 'फॉलोज' म्हणजे मागं जातो. यातून काहीच लागेना. पण मधला शब्द मला येत होता. आदल्या वर्षी काकूला जालन्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा मी सोबत होते. "पेशंटला आत आणा," डॉक्टर म्हणाले होते. काकू आत गेली ती परत आली नाही.

"वाच ना," माय म्हणाली.

मी मधल्या शब्दावर बोट ठेवलं. "पेशंट लिवलंय. आक्का दवाखान्यात हाय."

माय भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. मला वाटलं, मी चुकले असेन तर बरं. पण चुकले असेन असं म्हणायची हिंमत होईना, कारण मंग मला इंग्रजी येत नाही हे कळलं असतं.

अण्णा मला आणि मायला घेऊन राजूरला गेले. तिथं कापडाचे एक मारवाडी व्यापारी होते. मुंबईच्या पेढ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. शेठजींनी चष्मा लावून तार दोनदा वाचली.

"बीमार न्हाई लिवलं," ते म्हणाले. "पेशंटचा एक अर्थ बीमार, बराबर हाय. पन इथं तसा न्हाई. इथं सबर करा असा हाय. धीर धरा. पत्र येऊन राह्यलं."

क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. मंग मी मायकडं पाहिलं.

"धीर धरा?" तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "शेठजी, धीर धरा कधी म्हनतेत?"

शेठजींनी तार घडी केली, पुन्हा उघडली. "तसं न्हाई, बाई. नुसतं थांबा, असं बी असतंय."

"मंग थांबा का न्हाई लिवलं?"

शेठजींनी तार अण्णांच्या हातात दिली. काकू गेली तेव्हा आमच्या दारात आलेला प्रत्येक माणूस 'धीर धरा' हेच दोन शब्द बोलला होता. मी सांगितलेल्या अर्थात आक्का निदान जिवंत तरी होती.

अण्णा घरी आलेच नाहीत. कापूस घेऊन जालन्याला निघालेल्या एका ट्रकमध्ये ते तसेच बसले, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिथून हैदराबादची गाडी.

पुढचे दोन दिवस चूल शेजारणीनं पेटवली. माय उंबऱ्यात बसून रस्त्याकडं बघत राहायची. लांबून सायकलची घंटा वाजली की ती माझं मनगट धरायची, इतकं घट्ट की वळ उठले. कुणी समजूत घालायला आलं की ती आधीच म्हणायची, "धीर धर म्हनू नका. दुसरं कायबी बोला."

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. दाजींच्या अक्षरात, मराठीत. साहेबानं ऐनवेळी रजा नाकारली, पुढच्या सोमवारी घेऊन येतो, काळजी नसावी. मी ते मोठ्यानं वाचलं. मायनं पुन्हा वाचायला लावलं. तरी तिचा विश्वास बसेना. "पत्र आधी लिवलं आसंल," ती म्हणाली. "मंग काय झालं कुणाला ठावं."

दोन दिवसांनी अण्णा जालन्यात एकाची बैलगाडी मागून आक्काला घेऊन आले. गाडीतून उतरताना आक्का रागावलेलीच होती. हैदराबादला अण्णांना अचानक दारात पाहून ती किंचाळली होती. त्यांच्या चुरगळलेल्या कपड्यांकडं बघून तिला वाटलं, माय गेली. तिला धडधाकट पाहून अण्णांना रडू फुटलं, त्यानं तिची खात्रीच पटली. गल्लीतली माणसं गोळा झाली, तेव्हा कुठं खरं काय ते कळलं.

मायनं आक्काचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ चोळत राहिली.

अण्णा बैल सोडत होते. मी जवळ गेले. ते रागावतील असं वाटत होतं.

"अण्णा, मला तो शब्द पुरता येत नव्हता."

त्यांनी दावं बांधून घेतलं. "मंग तसं म्हनायचं, पोरी. येत न्हाई म्हनायला भ्यायचं न्हाई." बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "पन तू नसतं सांगितलं तरी मी गेलोच असतो."

दिवस भरल्यावर आक्काला दोन दिवस कळा आल्या. बंद दाराबाहेर मी कानांवर हात ठेवून बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. दोघी वाचल्या.