दाराआडची आई

कुणी बाळाला वाटी-चमच्याने दूध पाजताना दिसलं की ती घटना आजही डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा लालबागला फौजदार होतो. जवळच्या चाळीतल्या एक आजी तान्ह्या नातवाला कडेवर घेऊन पोलीस ठाण्यात आल्या. सून बाळाला टाकून पळाली, गुन्हा दाखल करा, हे एकच पालुपद. मुलगा बोटीवर, भर समुद्रात. फोन लागत नव्हता.

ठाणे अंमलदार तक्रार लिहून घेत होते. आजींच्या तोंडाचा पट्टा चालू होता आणि हात नातवाला वाटी-चमच्याने दूध पाजत होते. पोरगं मिटक्या मारत पीत होतं. मी तिथेच थबकलो. अंगावरचं दूध तोडताना माझ्या लेकीने घर डोक्यावर घेतलं होतं. या बाळाला कुणीतरी धीराने सवय लावली होती. पळून जाणारी बाई एवढा खटाटोप कशाला करेल?

"आजी, याला चमचा कुणी शिकवला?"

"तिनंच! किती दिवस झाले, अंगावर घेईना."

"का घेईना?"

आजी गप्प झाल्या. बोलकं माणूस जिथे गप्प होतं, तिथेच खणायचं असतं. चहा मागवला, आवाज खाली आणला, तेव्हा सगळं बाहेर आलं. सुनेला थायरॉइडचा कॅन्सर. ऑपरेशन झालेलं, आता किरणोत्सारी आयोडीनचा डोस घ्यायचा होता. ते औषध दुधात उतरतं आणि बाळाच्या थायरॉइडला कायमची इजा करू शकतं. म्हणून डॉक्टरांनी पाजणं आधीच बंद करायला लावलं होतं. डोसनंतर काही काळ बाळाला जवळही घ्यायचं नव्हतं.

"आईचं दूध कधी बाधतं का, साहेब? ती झोपली की मीच लावायचे त्याला तिच्या छातीला," आजी म्हणाल्या.

सून पत्ता न सांगता का गेली, ते मला कळलं. शेजारणीने अखेर खबर दिली: माझगावला मैत्रिणीची रिकामी खोली. आजी बाळासकट आमच्या मागे आल्याच.

दार वाजवताच आतून आवाज आला, "बाहेरूनच बोला. मी डोस घेतलाय." तेवढ्यात बाळ रडलं.

"आई, त्याला का आणलंत? लांब न्या!"

"दार उघड गं. एकदा तरी घे त्याला."

"नाही उघडणार. दूध अजून येतं, आई. आत्तासुद्धा आलंय. तो समोर दिसला तर माझ्याच्याने राहवणार नाही."

आजी बाळाला घेऊन जिन्यापाशी लांब जाऊन बसल्या. पिशवीतून वाटी काढली. रडणं थांबलं.

"प्यायला का?" आतून विचारलं.

"प्यायला गं बाय. सगळं." आजींनी रिकामी वाटी खाली ठेवली. "तू जेवलीस का?"

गुन्हा नव्हताच. शौर्यपदकं मिळालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्या बंद दारालाही मी सॅल्यूट ठोकला. त्यानंतर आई बाळाला टाकून गेल्याची तक्रार आली की मी पहिला प्रश्न एकच विचारायचो, जाण्याआधी तिने बाळासाठी काय करून ठेवलं होतं?