परीक्षक मॅडमनी बादली उचलली

सांगतो बापा, पण आधी हातातला चहा संपवा. मागच्या वेळी एकाच्या नाकातून आला होता.

आमच्या गावच्या शाळेत हिवाळ्यात एक आठवडा अभ्यास कमी अन् धिंगाणा जास्त. माझी नात समीक्षा नववीत आहे. रोज संध्याकाळी तिच्याकडून ताज्या बातम्या! सोमवारी खो-खोत नववीनं दहावीला धुतलं. मंगळवारी रांगोळीतला मोर हेडसरच्या चपलेखाली गेला. बुधवारी आनंद मेळाव्यात मी पोट्ट्यांच्या सगळ्या दुकानांवरचे भजे खाल्ले अन् सांगितलं, पैसे हेडसर देतील. दिले बी बिचाऱ्यानं! माझ्यासारख्या दोनदा सातवीत बसलेल्याला आणखी काय पाहिजे?

गुरुवारी विज्ञान प्रदर्शन होतं. समीक्षानं टाकाऊ सामानाचं बुजगावणं केलं होतं. रंगाच्या रिकाम्या बादलीचं डोकं, बाटलीच्या झाकणांचे डोळे, बांबूचा सांगाडा, माझे जुने कपडे अन् आत ठासून भरलेलं धानाचं तणस. पहिला नंबर आला तर तालुक्याच्या प्रदर्शनात जायचं. पोरगी जेवताना बी तेच बोलायची.

अन् इथंच माझ्या अंगातला किडा वळवळला. आदल्या संध्याकाळी ते बुजगावणं मी गुपचूप गोठ्याच्या दारात नेऊन उभं केलं. सकाळी आमची बुढी, म्हणजे समीक्षाची आजी, दूध काढायला जाईल, जोरात किंचाळेल, अन् मी पांघरुणात हसेन. एवढाच बेत!

उजाडलं. किंचाळी काही आली नाही. पाहतो तर बुढी चुलीजवळ चहा ढवळून राहिली.

"अवं, गोठ्यात कोणी दिसलं नाही का तुले?"

"दिसलं ना. तुम्हीच उभे होते. मनलं बादली धरा, मनलं वासरू बांधा. जागचे हालले नाही. मले काय, रोजचंच हाय."

मी गोठ्याकडं पळालो. बुजगावणं आडवं पडलेलं. तणस गाईच्या पोटात, बांबूचे तुकडे, अन् सदऱ्याची एक बाही तिच्या तोंडात. धड राहिली ती फक्त बादली.

समीक्षा बादली मांडीवर घेऊन बसली. "आबाजी, काऊन केलं जी असं?" एवढंच बोलली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"रडू नको बेटा. कपडे माझेच होते ना? मी दुसरे घालतो, डोक्यावर ही बादली घेतो अन् मीच उभा राहतो. पाहणारे पाहून गेले की सुट्टी!"

"लबाडी होते ना ते, आबाजी!"

"अन् गाईनं केली ते?"

ऐकलं बिचारीनं. शाळा भरायच्या आधी मी वर्गात हात पसरून उभा. बाह्यांतून तणस लोंबून राहिलं. बादलीला नाकाजवळ एक भोक होतं, तेवढ्यावर जीव.

कोहमारा गावाहून परीक्षक मॅडम आल्या, मागं हेडसर.

"छान आहे हं," मॅडम म्हणाल्या, "पण पोट इतकं मोठं कशाला?" अन् पेन खुपसला! मी श्वास धरला.

"तणस जास्त भरल्या गेलं, मॅडम," समीक्षा म्हणाली. आवाज रडका.

मॅडम पुढं निघणार, तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. बुढीच! तिला मी कामाच्या वेळी सापडत नाही, अन् नको त्या वेळी बरोबर सापडतो.

"अरे वा! फोनवर चालते काय हे?" हेडसर खूश. "हे घे माझा फोन. पुन्हा लाव बरं!"

समीक्षानं नंबर लावला. खिसा वाजला. आता नुसतं वाजून चालते काय? मला राहवलं नाही. दोन्ही हात हलवले अन् शेतात ओरडतो तसा ओरडलो, "हुर्रर्र हा!"

पोट्ट्यांनी टाळ्या पिटल्या. मॅडम म्हणाल्या, "तालुका काय, हे जिल्ह्याला जाईल! मशीन कुठं बसवलंय?"

अन् बादली उचलली.

जी किंचाळी मला सकाळी बुढीकडून पाहिजे होती, ती मॅडमनी मारली. हेडसरनं माझ्याकडं एकदा पाहिलं अन् बादली शांतपणे परत माझ्या डोक्यावर ठेवली.

"पहिलं तोंडच बरं होतं," म्हणाले.

भज्यांचा हिशोब चुकता!

समीक्षानं रडत रडत गाईपासून सगळं सांगून टाकलं. मॅडम खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अगं, फोनची कल्पना तर झकास आहे. आता ती खरी करून दाखव. शनिवारी पुन्हा पाहीन."

पोरगी कामाला लागली. नवा बांबू, नवं तणस, अन् पोटात पत्र्याचा डबा. डब्यात माझा फोन! वाजला की पत्रा असा खणाणते की माणूस बी दचकते. शनिवारी पहिला नंबर! बक्षीस देताना हेडसरनं माईकवरून सांगितलं, "आत कोणी नाही, याची मी स्वतः खात्री केली आहे."

तालुक्याला जाऊन आलं. आता ते घरामागच्या सांदवाडीत, भाजीपाल्याच्या मधोमध उभं आहे. शेंगांवर पोपट बसले की बुढी सुनेच्या मोबाईलवरून त्याला फोन लावते अन् सगळे पोपट भुर्र!

परवा मी म्हटलं, फोन कायले, मीच हाकलतो. गेलो, हात पसरले, "हुर्रर्र हा!" केलं. एक पोपट उठला. बुजगावण्याकडं पाहून घाबरला, वळला, अन् माझ्या डोक्यावर येऊन बसला.